अडीच वाव

उरणजवळच्या करंज्याच्या दादूशी बोलायचं तर माणसाला आधी त्याच्या समोर जाऊन उभं राहायला लागे. पाठीमागून हाका मारून घसा सुकला तरी दादू वळायचा नाही. दोन्ही कान फुटलेले. त्याचं त्याला वाईट वाटत असेल म्हणाल, तर छे! कोणी नवा माणूस भेटला की तो आपणहून सांगायचा, "मोठ्यानं बोल बाबा. कान सुटलेला मानूस हाय मी. बुडीवाला!"

खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या तळात खुंट रोवलेले असतात, त्यांना डोल जाळी बांधतात. दोर खुंटाला गुंतला की होडीतून कितीही ओढा, सुटत नाही. मग कोणीतरी बुडी मारून खाली जायला लागतं. पाणी इतकं गढूळ, की स्वतःचा हात दिसायचा नाही. सगळं बोटांनी चाचपत करायचं. असं काम करणारी करंज्यात दोन-चारच घरं, त्यातलं एक दादूचं. त्याच्या बापानं त्याला पंधराव्या वर्षी पाण्यात घातला. कान ठणकला तर वर यायचं नाही, सोसायचं. सोसता सोसता एक दिवस आत काहीतरी फाटतं, गरम पाणी वाहतं आणि दुखणं थांबतं. मग माणूस हवा तेवढा खोल जातो. त्याला त्या घरात 'कान सुटला' म्हणायचे. दादूचा कान सुटला त्या दिवशी बापानं शिरा करायला लावला होता आणि आळीत चार घरी वाटला होता. असं हे घर. त्यांना कोण शहाणपण शिकवणार?

दादूला एकच मुलगी, नीता. मधली काही वर्षं शिक्षण सुटलेलं, म्हणून आता उशिरानं पनवेलच्या कॉलेजात बी.कॉम.ला. आठवडाभर तिथल्याच खांदा कॉलनीत आत्याकडे, गोदूबाईकडे राहायची आणि शनिवारच्या एस.टी.नं घरी यायची. त्या वर्षांत नव्या नव्या विमान कंपन्या निघाल्या होत्या आणि पेपरात जाहिराती यायच्या. नीतानं कॉलेजबरोबर खांदा कॉलनीतच एक क्लास लावला. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या तीन-तीन करून मांडलेल्या, मध्ये चालायला वाट. ते विमान! शिकवायला कुमुद मॅडम, स्वतः दहा वर्षं विमानात नोकरी केलेल्या. ट्रे कसा धरायचा, चिडलेल्या पाहुण्याशी कसं बोलायचं, कोणाला भोवळ आली तर काय करायचं, विमानात धूर झाला तर कोणतं दार उघडायचं, सगळं त्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेवर.

घरी आली की नीता अंगणात बोंबलाच्या वलांड्यांसमोर उभी राहून इंग्रजीत सूचना म्हणायची. दोन्ही हात पुढे, मग बाजूला, मग मागे. वलांडीवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडे अडकवून वाळत लोंबत असायचे. जनी, तिची आई, खाली बसून जवळा निवडायची. शेजारची भामा पदर तोंडाला लावून हसायची.

"अगं जने, बोंबलांना काय सांगते ही?"

"विमान पडलं तर पळायचं कुठून, ते सांगते."

"मंग त्यांना सांगून काय फायदा? ते तर मेलेच हायत!"

नीताही हसायची. दादूला यातला एक शब्दही ऐकू येत नसे, पण त्याची छाती फुगायची. एकदा तर त्यानं तिला होडीत उभं केलं, हातात ताट दिलं, ताटात पाण्याचे चार पेले, आणि स्वतः होडी दोन्ही बाजूंना हलवली. "इमान हलतं ना? मंग हलत्यात शीक!" नीतानं दोन पेले सांडले, दोन वाचवले. दुसऱ्या शनिवारी चारही वाचवले.

होळीनंतर कंपनीच्या मुलाखती झाल्या. क्लासमधून अकरा मुली गेल्या आणि एकटी नीता निवडली गेली. कुमुद मॅडमनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं म्हणे. एप्रिल संपता संपता पत्र आलं: अमुक तारखेला पोहण्याची परीक्षा, चार दिवसांनी डॉक्टरी तपासणी, दोन्हींत पास झाली तर लगेच ट्रेनिंग. मध्ये फक्त एकवीस दिवस.

आणि नीताला पोहता येत नव्हतं.

क्लासच्या मुली तोंडावर हसल्या, "कोळ्याची ना तू?" आता त्यांना कोण सांगणार, की कोळणी मासळी उतरवायला कमरेभर पाण्यात जातात, पण पोहतो तो पुरुष. जनी जन्मभर समुद्राच्या काठाला राहिली, तिनं कधी डोकं बुडवलं नव्हतं. पनवेलात तळी पुष्कळ, पण बायकांना पोहायला शिकवणारं कोणी नव्हतं.

"मी हाय ना," दादू म्हणाला. "एकवीस दिस लय झाले."

"बाईमानूस धक्क्यावर सगळ्यांसमोर पान्यात उतरनार?" जनी ओरडली. तिला नवऱ्याशी ओरडूनच बोलायला लागायचं, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंसुद्धा आळीला भांडण वाटायचं.

"मंग काय सगळ्यांना घरी पाठवू? बघू दे की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळेला बापलेक धक्क्याच्या कडेला उतरले. नीतानं जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली होती. दादू छातीभर पाण्यात, पोटाखाली तळहात धरून. वर धक्क्यावर जाळं शिवत बसलेले लोक सुई थांबवून बघायचे. दादूच्या होडीवरचा गणू तर रोज न चुकता म्हणायचा, "दादूशेट, हिला इमानात घेतायत का पानबुडीत?" नीताचा चेहरा लाल व्हायचा. पाण्यातून वर येताना ओले कपडे अंगाला चिकटायचे. जनी पायरीवर लुगडं धरून उभी असायची आणि पोर वर आली की तिला त्यात गुंडाळून घरापर्यंत जवळजवळ धावत न्यायची.

पण पोर कष्टाळू. दहाव्या दिवशी ती एका होडीपासून दुसऱ्या होडीपर्यंत पोहत गेली. तेराव्या दिवशी जाऊन परत आली. दादूनं धक्क्यावरच्या लोकांकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

एकाच जागी अडलं. उडी. परीक्षेत उंचावरून पाण्यात उडी मारायची होती, आणि डोकं पाण्याखाली गेलं की नीताचा जीव घाबरा व्हायचा. नाकातोंडात पाणी जायचं, ती दादूच्या गळ्याला मिठी मारायची. दिवस सरत चालले. नीताला झोप लागेना. "बाबा, या उडीशीच मी अडकेन. तिथंच माझं सगळं राहील," असं म्हणून ती एका सकाळी पायरीवर बसून राहिली.

दादूला एकच इलाज माहीत होता. जो त्याच्या बापाला माहीत होता तो.

"तळाला जाऊन ये," तो म्हणाला. "एकदा तळाला हात लागला ना, मंग वरच्या पान्याची भीती कोन धरतो? धक्क्याच्या टोकाला भरतीला अडीच वाव पानी हाय. तिथं होडी बांधायचा खुंट हाय, त्याला धरून खाली जायाचं आनि मुठीत चिखल घेऊन यायचा. बस."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं माप. दादूनं हात पसरून दाखवले, एकदा, दोनदा, आणि मग अर्धं.

नीताला दोन दिवसांपासून सर्दी होती. रोज ओल्यात राहून राहून नाक चोंदलं होतं. ती खुंटाला धरून खाली गेली आणि लगेच वर आली. "कान दुखतो बाबा." तिनं कानावर हात ठेवून दाखवलं, म्हणजे त्याला कळावं.

"दुखनारच! सोसायचं. आपल्या घरात सगळ्यांनी सोसलंय. सुटला की संपलं."

ती परत गेली. परत वर आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दादू मनात मोजत होता. वीस झाले, तीस झाले. बुडबुडे आले. मग नीता वर आली, आणि तिचा चेहरा पांढराफटक. उजव्या मुठीत काळा चिखल होता. डाव्या कानातून गळ्यावर पातळ तांबडं पाणी ओघळत होतं. तिला धक्का कुठे, होडी कुठे तेच कळेना; ती भलत्याच दिशेला हात मारायला लागली. दादूनं तिला धरून पायरीवर आणली.

"सुटला!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की धक्क्यावरचे सगळे उठून उभे राहिले. "गणू, बघ रे! माझ्या पोरीचा कान सुटला! पयल्या दिवशी!"

नीता पायरीवर ओकली. मग तोंड पुसून तिनं विचारलं, "बाबा, हे बरोबर हाय ना?" दादूला ऐकू गेलं नाही, पण त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी जनीनं लसूण घालून खोबरेल तापवलं, कोमट करून कानात ओतलं आणि वर कापूस लावला. दादूनं शिरा करायला लावला. भामाकडे वाटी गेली, गणूकडे गेली. ज्याला त्याला दादू सांगत होता की आता बघाच.

आणि भीती खरंच गेली. खोटं कशाला सांगू? परीक्षेच्या दिवशी मुंबईतल्या त्या तलावावर दादू जाळीच्या कुंपणाबाहेर इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. मुलींची रांग वरच्या फळीवर गेली. पहिल्या तिघी कडेला बसून रडायला लागल्या. नीतानं कानात कापूस नीट दाबला, पुढे आली, हात अंगाशी घेतले आणि सरळ खाली. शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. दादूनं कुंपणाच्या जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवली होती. आपल्या घरातलं काहीतरी या पोरीच्या उपयोगी पडलं, या आनंदानं त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

चार दिवसांनी डॉक्टरी तपासणी. कंपनीनं नेमलेला डॉक्टर वयस्क, मराठी माणूस. वजन, उंची, डोळे, दात, सगळं चांगलं निघालं. दादू दाराच्या आत स्टुलावर बसून होता. डॉक्टरनं शेवटी नीताच्या कानात बत्ती घालून पाहिलं. उजवा पाहिला. डाव्याशी बराच वेळ थांबला.

"काय घातलंयस कानात? तेल?"

"हो सर."

"आत घाण साठली आहे. पडदाच दिसत नाही मला. सर्दी झाली होती?"

"हो सर. पोहण्याची प्रॅक्टिस चालू होती."

डॉक्टरनं पेन हातात घेतलं. "हरकत नाही. पंधरा दिवस औषध घे, तेल अजिबात नको. मग परत येऊन दाखव. तोवर तुझं नाव मी राखून ठेवायला सांगतो."

नीतानं मान हलवली. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण ओठांवर थोडं हसूही आलं होतं.

दादूला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की डॉक्टर डाव्या कानाशी थांबला, तोंड वाईट केलं, आणि पोर मान खाली घालून हो-हो करते आहे. त्याला वाटलं, डॉक्टरला पोरीच्या कानाचा भरवसा वाटत नाही. तो उठला आणि टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, त्या कानाची काळजी करू नका!" त्याचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "सुटलेला कान हाय तो! मी सोता सोडून घेतला. अडीच वाव खाली. रगत आलं, पन पोर घाबरली नाय!"

"बाबा," नीता म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. "बाबा, बसा."

"बोलू दे मला! साहेब, माजे दोनी सुटलेत. तीस वर्सं बुड्या मारतो, कवा दुखलं नाय. ही आता कुटं बी जाईल, किती बी वर न्या तिला!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. नर्सला काहीतरी आणायला सांगितलं, नीताला पुन्हा बसवलं, आणि बारीक चिमट्यानं, कापसानं कान साफ केला. नीतानं डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरनं परत बत्ती घातली. मग तो दादूच्या समोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द मोठ्यानं, सावकाश बोलला.

"पडदा फाटलाय. मोठं भोक आहे. विमान वरखाली होताना हवा कानावर दाबते, साध्या माणसाचासुद्धा कान दुखतो. असा कान घेऊन मला हिला वर पाठवता येणार नाही."

"पन वर पानी कुटं हाय, साहेब?"

"पाणी नाही. हवा आहे. तीही दाबते."

"मंग शिवून टाका. मी थांबतो."

"ऑपरेशन होतं. पण त्याला महिने जातात, आणि तसला कान कंपनी घेत नाही. मला वाईट वाटतं हो. पण मी आता खोटं लिहू शकत नाही."

दादूनं नीताकडे पाहिलं. ती पर्स उघडून रुमाल शोधत होती आणि रुमाल तिच्या मांडीवरच होता. कंपनी पुन्हा मुली कधी घेणार ते कोणी सांगत नव्हतं, आणि श्रावणात तिचं वय त्यांच्या मर्यादेपलीकडे जात होतं. हे तिला माहीत होतं, आणि दादूलाही माहीत होतं.

पनवेल स्टँडवर उरणची गाडी लागायची होती. उन्हानं फलाटाची फरशी तापली होती. दादू तिच्या उजव्या बाजूला बसला, तोंडाकडे बघत, म्हणजे ओठ दिसावेत.

"काय म्हनत व्हता तो, मी उठायच्या आदी?"

नीता पर्समधले सुटे पैसे मोजायला लागली.

"सांग ना गं बाय."

"पंधरा दिवसांनी या म्हणाला. नाव ठेवतो म्हणाला."

दादूनं ते दोनदा वदवून घेतलं. एक गाडी आली, पेणची होती, गेली.

"तुला ठावं व्हतं? कानाचं?"

"क्लासमध्ये शिकवलंय बाबा. सर्दी असताना उडायचं नाही. दाब येतो म्हणून. पाण्यातसुद्धा तसंच असणार, हे कळत होतं मला."

"मंग का गेलीस? का गेलीस गं परत खाली? वर यायचंस, माज्या थोबाडीत मारायचीस!"

लोक बघायला लागले. नीतानं आजूबाजूला पाहिलं, मग बापाकडे तोंड करून हळू, पण ओठ नीट हलवून म्हणाली, "तुमी सांगत व्हता ना. मला वाटलं, पान्यातलं तुमाला जास्त कळतं."

दादूला हे पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आल्यासारखं झालं. तो उठून फलाटाच्या टोकाला नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं, परत मारलं. गाडी लागली तेव्हा नीतालाच जाऊन त्याला आणावं लागलं.

घरी नीतानं सांगितलं, "उंची एक बोट कमी पडली." भामालाही तेच, गणूलाही तेच. आळी हळहळली. गणू म्हणाला, एका बोटासाठी एवढी पोहणारी पोर सोडली, अक्कल नाय त्यांना. खांदा कॉलनीतून गोदूबाई धावत आली, कंपनीला शिव्या घातल्या, भाचीला पोटाशी धरलं आणि लगेच एका स्थळाचं नाव काढलं. दादू दोन दिवस होडीवर गेला नाही. जेवायला बसायचा आणि उठायचा. नीता मात्र सगळ्यांशी नीट बोलत होती. बोंबील उलटत होती, जवळा पाखडत होती, आईला 'जाऊ दे गं' म्हणत होती. रोज सकाळी कानात औषध घालायची आणि बाटली फळीवर ठेवून द्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली. जनीनं भाकर वाढता वाढता पुन्हा तेच काढलं. "एक बोट! माज्या आईची उंची घेतली असशील. आमच्याच घरान्यात खोट."

दादूनं हातातला घास ताटात ठेवला.

"उंची नाय," तो म्हणाला. त्याला हळू बोलायचं होतं, पण हळू म्हणजे किती ते त्याला कळायचं नाही. वलांडीपाशी उभी असलेली भामासुद्धा थबकली. "कान. तिचा कान मी फोडला. आनि पंधरा दिस मिळत व्हते तर तोंड उघडून ते बी मीच घालवलं. उंचीचं ती खोटं सांगते. माज्यासाठी सांगते."

जनीच्या हातातली भाकर तशीच राहिली. नीतानं "बाबा" म्हणून डोळे मिटले.

"तुमी नाय," जनी म्हणाली. "ती औषधाची बाटली बघितली तवाच मला शंका आली व्हती. तेल मी ओतलं. तीन दिस ओतलं. तेलानंच गेला असंल."

"तेलानं काय व्हतंय? फाडला मी!"

"मी मोठ्या चमच्यानं ओतलं! ती नको नको म्हनत व्हती!"

"अगं मी तिला खाली धाडली! तीन वेळा धाडली!"

दोघंही ओरडत होती, दोघंही रडत होती. जनीनं कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली, दादूनं तिचे हात धरले, ताटातली आमटी सांडली. आणि मधे नीता बसली होती, इकडे तिकडे बघत.

"बस करा!"

तिचा असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. दादूलासुद्धा ऐकू गेला.

"बस करा दोघं. तुमी फोडला, तिनं ओतलं. मी कुनाकुनाला समजावू? दोन दिवस मी तुमच्याकडे बघून हसते. आत्या आली, तिला हसून दाखवलं. मॅडमना फोन केला, त्यांना म्हटलं, ठीक आहे मॅडम." तिचा श्वास लागला. "माझा गेलाय ना? माझं विमान गेलंय ना? मंग मला रडू द्या! तुमी जरा गप्प बसा आनि मला रडू द्या!"

आणि ती रडली. भिंतीला टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. भामा दारात आली, तिला जनीनं हातानंच परत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. दादू उठून लेकीजवळ जायला निघाला होता, पण दोन पावलांवर थांबला. आत्ता जवळ जाणंही तिच्याकडून काहीतरी मागणंच आहे, एवढं त्याला कळलं. तो होता तिथेच खाली बसला. जनी चुलीपाशी बसली. दोघांपैकी कोणी शब्द काढला नाही, आणि नीता संध्याकाळपर्यंत रडत होती.